तसव्वुर जेवला नाही

ब्रॅडफर्ड
११ एप्रिल १९९३

फजल,

तुला, जन्नत भाभीला आणि ओसरीवर बसून दुसऱ्यांची पत्रं ऐकणाऱ्या तुझ्या सगळ्या शेजाऱ्यांना सलाम. हे पत्र मोठ्यानं वाचू नकोस. फोनच केला असता, पण आपल्या गावचा, डडियालचा फोन म्हणजे त्या किराणा दुकानातला. मी इथून हॅलो म्हटलं की तिथं तेल घ्यायला आलेलं निम्मं गाव जबाब देतं.

तुझं ईदचं पत्र मिळालं. पहिली तीन पानं हवापाणी, म्हैस आणि तुझ्या शाळेतले कामचोर मास्तर. आणि चौथ्या पानाच्या तळाशी, कागद संपता संपता, "आपा, मुलं मोठी झाली, आता तारीख ठरवू." हेडमास्तर झालास तरी महत्त्वाचं तेवढं समासात लिहायची तुझी खोड गेली नाही.

मी वरच्याच ओळीत लिहिते. शब्द दिलाय, मला आठवतंय. नाहिद पाळण्यात होती, तुझा तसव्वुर भिंत धरून उभा राहायला शिकत होता. अब्बाजींच्या खाटेपाशी बसून मी म्हटलं होतं, फजल, ही पोर तुझ्या घरची. अब्बाजींनी डोळे मिटून मान हलवली होती. तो शब्द मोडायची माझी हिंमत नाही. आपल्या घरातले आता तू आणि मी दोघंच उरलोय, तुझं तोंड चुकवून मी जाऊ कुठं?

पण नाहिद आता पाळण्यात नाही ना. पंचवीस वर्षांची झाली, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दिवसभर दुसऱ्यांना "आता कसं दिसतंय? आणि आता?" असं विचारणारी मुलगी स्वतःचा नवरा न बघता करेल, ही आशा मीच कशी धरली अल्ला जाणे.

मी विषय काढला तर म्हणाली, "अम्मी, मी काही नाही म्हणत नाहीये. मला फक्त तो जेवताना बघायचाय."

"जेवताना? बैल आहे का तो, दात बघून घ्यायला?"

"कुठलाही माणूस तासभर गोड बोलू शकतो. तासभर गोड जेवता नाही येत. आणि घरी नको. घरी तू सात पदार्थ मांडशील आणि तो पीरबाबासारखा बसेल. अब्बूंच्या हॉटेलात."

सफदर म्हणाला, येऊ दे की पोराला. हॉटेल माझं, पोर बायकोच्या भावाचं, बिघडलं तर माझं काय जातं? लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, माझ्या नवऱ्याचं कधीच काही जात नाही.

तर ऐक. जूनमध्ये तुमच्याकडची व्हॉलीबॉलची टीम इथं स्पर्धेला येतेय. तसव्वुर खेळतो ना? त्यांच्याबरोबर पाठव. खेळायला आलाय म्हणू, आणि आलाय तर फुफीकडे, म्हणजे माझ्याकडे, जेवला असं होईल. कुणाला काही सांगू नकोस.

तुझी आपा


डडियाल
२ मे १९९३

आदरणीय आपा,

तुला सलाम, सफदरभाईंना सलाम, आणि माझ्या मुलाची परीक्षा घेणाऱ्या तुझ्या डोळ्यांच्या हकिमिणीला दुआ. आमच्या काळी मुलाकडचे मुलगी बघत. तुमच्या इंग्लंडात गाड्या डाव्या बाजूनं चालतात, तशा त्या इथंही चालतात, म्हणून मला वाटलं होतं बाकीचं पण सारखंच असेल.

तुझं पत्र वाचून जन्नत दोन दिवस डोकं बांधून पडली. माझा हातातोंडाशी आलेला पोरगा परदेशात चारचौघांत जेवून दाखवणार, म्हणाली. मी तिला म्हटलं, अगं, शब्द आपाचा आहे. पोरीला थोडं मिरवू दे. 'हो' तर आहेच.

तसव्वुरला पाठवतोय. स्मॅश मारतो तेव्हा समोरचे खाली वाकतात, पण घरात माझ्यापुढे मान वर करत नाही. सफदरभाईंच्या हॉटेलचा फोटो आमच्या बैठकीत लावलेला आहे, तो संगमरवरी खांबांचा दरवाजा सगळं गाव येऊन बघून जातं. अशा दरवाज्यातून आत जाऊन पोरगा हातानं जेवला तर माझी काय शोभा राहील? म्हणून मी त्याला काटासुरी शिकवली. स्वतः. काटा तहसीलदारांकडून मागून आणला. आठवडाभर घरातला एकही पेरू हातानं खाल्ला गेला नाही.

बाकी त्याला जे सांगायचं ते मी सांगितलंय. तू निश्चिंत राहा. आपल्या घराण्याला शोभेल तसाच तो तुमच्या टेबलावर बसेल.

तारखेचं तू बघ. डिसेंबरात धरणाचं पाणी उतरतं, रस्ता मोकळा होतो, पाहुण्यांना यायला बरं.

तुझा
फजल करीम


ब्रॅडफर्ड
२० जून १९९३

फजल,

आधी तुझ्या बैठकीतला तो फोटो भिंतीवरून काढ. संगमरवरी खांब शेजारच्या बँकेचे आहेत. सफदरनं फोटो काढला, त्याला कॅमेरा सरळ धरता येत नाही. आमचा दरवाजा निळा आहे आणि थंडीत फुगून अडकतो. आत आठ टेबलं, पाण्याचे स्टीलचे जग, दोन पौंडांत वाटीभर सालन आणि त्याबरोबर तीन रोट्या. काटा आमच्या हॉटेलात कधी नव्हता. टॅक्सीवाले हातानं जेवतात, कॉलेजची पोरं हातानं जेवतात, आणि आमचा रॉय, बस चालवतो, गोरा आहे, तो तर बोटं अशी चाटतो की आपल्या अम्मीनं त्याला मुलगा म्हणून ठेवून घेतला असता.

आणि तुझा मुलगा जेवला नाही.

हो. एक घास नाही. आता बस आणि सगळं वाच.

रविवारी दुपारी आला. उंच, नीट भांग पाडलेला, कपडे इस्त्रीचे. मला वाकून सलाम केला, माझा ऊर भरून आला, थेट अब्बाजींची जिवणी. मी बायकांच्या बाजूला पार्टिशनमागे बसले. फटीतून सगळं दिसतं, ती फट मी स्वतःच ठेवून घेतलीय. सफदर सकाळपासून स्वतः भट्टीपाशी होता. पालक-गोश्त, कीमा, मटणाच्या चापा. खिडकीजवळच्या टेबलावर ते दोघं. नाहिदनं रोटी मोडली, घास घेतला. यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"घे ना," नाहिद म्हणाली.

"तुम्ही घ्या."

"मी घेतेय. तू?"

"मी बसलोय."

"ते दिसतंय मला. बसायला टेबल नाही, खुर्ची पुरते."

सफदर फडकं खांद्यावर टाकून आला. "काय रे, तिखट झालंय का?"

"नाही, फुफाजी."

"मग फिकं झालंय?"

"मी चाखलंच नाही, फुफाजी."

सफदर परत भट्टीपाशी गेला आणि परत आला. मग एकदम कपाळावर हात मारला. "काटा! अरे, याच्या बापानं लिहिलं नव्हतं का!" आणि तसाच, एप्रन घातलेला, रस्ता ओलांडून समोरच्या तळलेल्या मच्छी-बटाट्याच्या दुकानात धावला. तिथून बटाट्याबरोबर देतात तो लाकडी काटा घेऊन आला. बोटाएवढा. तसव्वुरनं तो असा बघितला, जसं कुणी भर पंगतीत कान कोरायला दिलंय. मग अदबीनं ताटाच्या बाजूला ठेवला. पुन्हा हात मांडीवर.

एव्हाना आठही टेबलं बघत होती. रॉय म्हणाला, "सफ, पोराला भूक नसेल तर ते ताट इकडे सरकव." सगळे हसले. तुझा मुलगा कानापर्यंत लाल झाला, पण हात काही हलला नाही. पालकावर तूप थिजलं, रोट्यांचे पापड झाले.

शेवटी नाहिद उठली. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "अब्बू सकाळी सातपासून उभे आहेत. ज्याला आमच्या टेबलावरचा घास हलका वाटतो, त्याला बघून झालं माझं."

"तसं नाहीये," तो म्हणाला.

"मग कसं आहे?"

तो उठला, सलाम केला आणि गेला. त्याचं ताट चाचा रोशननं संपवलं. चाचा गिरणीतून निवृत्त झालेला, रोज दाराजवळच्या टेबलावर असतो. जेवताना दाढीत हसत होता. का, ते मला अजून कळलेलं नाही.

आता मला सांग, काय शिकवून पाठवलंस? आमचं हॉटेल स्वस्त आहे, घाण नाही. त्या आठ टेबलांवर नाहिद शिकली. दुसरा कुणी असता तर मीच हात धरून बाहेर काढला असता, पण तुझा मुलगा आहे म्हणून विचारतेय.

नाहिदचं उत्तर 'नाही' असं आहे. मी तिच्यापुढे शब्दाचं अजून काढलेलं नाही. कसं काढू?

आपा


डडियाल
४ जुलै १९९३

आपा,

तुझं पत्र शाळेत आलं. मी ते ऑफिसचं दार लावून वाचलं आणि दार बराच वेळ उघडलं नाही.

माझा मुलगा तुमच्या टेबलावर जे बसला, ते माझ्या सांगण्यावरून. बसस्टँडवर मी त्याला म्हटलं होतं, तू माझ्या जागी जातोयस. आपाच्या घरून हो येत नाही तोवर रोटी मोडायची नाही. मागणं घालायला गेलेला माणूस आधी उत्तर घेतो, मग जेवतो. आधीच जेवला तर त्याचा अर्थ, मागणं सोडलं. हे मी तुला शिकवायचं? तुझं मागणं घालायला सफदरभाईंचे अब्बा आपल्या घरी आले, ते सकाळपासून अंगणात उपाशी बसले होते. संध्याकाळची बांग झाली तरी घास नाही. अब्बाजींनी हो म्हटलं तेव्हा कुठं म्हाताऱ्यानं कोंबडीला हात लावला. लोक वर्षभर त्यांची तारीफ करत होते.

माझा तसव्वुर तसाच बसला. एवढ्या लोकांच्या हसण्यात बसला. आणि तुम्ही त्याच्या हातात बटाट्याचा काटा दिलात.

मला वाटलं होतं तू बघताक्षणी ओळखशील. इंग्लंडनं तुला एवढंही आठवू दिलं नाही?

हे झालं एक. आता दुसरं. गैरसमज होता, तो फिटला. त्यामुळे नाहिदच्या 'नाही'ला आता कारण उरलेलं नाही. अब्बाजींच्या खाटेपाशी दिलेला शब्द एका दुपारच्या रागानं मोडत असेल तर तुझं माझं नातं तरी कशावर उभं आहे? लोक मला रोज विचारतात, तारीख कधी. मी त्यांना काय सांगू, मुलीला चापा आवडल्या पण मुलगा नाही?

'हो' असेल तर लिही. नसेल तर या पत्राला उत्तर नको. मी समजेन की मला बहीण नव्हती.

फजल करीम


ब्रॅडफर्ड
१८ जुलै १९९३

फजल,

'हो' नाहीये आणि तरीही लिहितेय. बहीण नव्हती असं तुला समजायचं असेल तर हे पत्र कुणा परक्या बाईचं समज, पण शेवटपर्यंत वाच.

सफदरचे अब्बा आपल्या अंगणात उपाशी बसले होते, हे तू मला आज सांगतोयस. अंगणात तुम्ही पुरुष होतात. मी कुठं होते? चुलीपाशी. ती कोंबडी मी रांधली होती. ती बाहेर गेली, तशीच परत आली. अम्मी म्हणाली, गरम कर. परत गेली, परत आली. तीनदा मी ती कोंबडी गरम केली आणि तीनदा वाटलं, झालं, माझ्या हातचं यांच्या घशाखाली उतरत नाही. कुणी आत येऊन एक शब्द सांगितला नाही की हा मान आहे, अपमान नाही. इतकी वर्षं सासरा माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत मेला, असं समजून मी त्याच्या नावानं फातिहा वाचतेय! तुझं पत्र वाचून मी त्याची मनातल्या मनात माफी मागितली. मला काही विसरायला इंग्लंडची गरज नव्हती. मुळात मला कुणी सांगितलंच नव्हतं.

सफदरला विचारलं, तुला तरी माहीत होतं का? म्हणाला, मी कुठं होतो तिथं, मी तेव्हा इथं गिरणीत सूत भरत होतो. मग चाचा रोशनकडे गेले. तो म्हणाला, "मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं, बेटी."

"मग बोलला का नाहीस?"

"या हॉटेलात इतका चांगला तमाशा कधी झाला नव्हता. आणि शिवाय, जेवण उरणार हे दिसत होतं."

नाहिदला मी सगळं सांगितलं. शब्दाचंही सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तो मला नावं ठेवत नव्हता."

"नाही ना गं!"

"उपाशी बसून माझ्याकडून हो काढत होता. हे तर त्याहून वाईट आहे, अम्मी." आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही सगळे मला द्यायला निघालात आणि मी एकटीच तिथं पालक खात बसले होते."

मला तिला रागवायचं होतं. जमलं नाही.

आता जे सांगणार आहे ते उभं राहून वाचत असशील तर खाली बस. गुरुवारी टीम हरली. सगळी पोरं रडवेली होऊन मुक्कामावर गेली, आणि तुझा तसव्वुर एकटा आमच्या हॉटेलात आला. मी तेव्हा भट्टीमागे कणीक मळत होते. नाहिद कामावरून अब्बूंना घरी न्यायला आलेली, गल्ल्यापाशी उभी. तो खिडकीजवळच्याच टेबलावर बसला आणि म्हणाला, "फुफाजी, पालक-गोश्त."

सफदरनं ताट आणलं, पण हातातच धरून ठेवलं. "बेटा, काय करतोयस माहीत आहे ना? आता आम्हालाही माहीत आहे."

"माहीत आहे, फुफाजी."

"खाल्लंस तर..."

"खाल्लं तर मागणं संपलं. ठेवा खाली. त्या दिवशी वासानंच जीव गेला होता माझा."

मग त्यानं नाहिदकडे बघितलं. तुझ्यापुढे मान वर करत नाही म्हणतोस ना, तिथं केली. म्हणाला, "तुम्हाला उत्तर द्यायचं बंधन नाही. मला नाही आवडलं तसं बसून. अब्बाजींना मी स्वतः लिहीन." आणि रोटी मोडली.

फजल, तो कसा जेवला म्हणून सांगू! तीन रोट्या संपल्या, सफदरनं न विचारता आणखी तीन टाकल्या. सफदर कुणालाही फुकट रोटी देत नाही, सख्ख्या इमामालासुद्धा नाही.

म्हणजे तुझं मागणं तुझ्याच मुलानं आमच्या दोन पौंडांच्या ताटात सोडून दिलंय. राग काढायचा तर माझ्यावर काढ. त्याला काही बोलू नकोस. एवढं करायला हॉलभर लोकांपुढे उपाशी बसण्यापेक्षा जास्त छाती लागते.

पण आता माझं तुझं काय? एवढंच विचारते. उत्तर दे.

आपा


ब्रॅडफर्ड
८ ऑगस्ट १९९३

फजल,

उत्तर नाही. पोस्टमन रोज विजेची बिलं आणि गालिच्यांच्या जाहिराती टाकून जातो. तू रुसलायस की पत्र गहाळ झालंय ते कळत नाही, म्हणून पत्र गहाळ झालंय असं धरून लिहितेय.

तसव्वुर ठीक आहे. टीमचे गावोगाव सामने चालू आहेत, सप्टेंबर लागेपर्यंत इथंच आहे. रोज हॉटेलात जेवतो, म्हणतो मागणं संपलं, भूक नाही संपली. परवा सफदरला म्हणाला, "फुफाजी, राग मानू नका, रोटी मध्ये जाड राहते." सफदर दिवसभर कुणाशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी रोटी पातळ होती. रॉयनं विचारलं, नवा आचारी ठेवलात का.

नाहिद हल्ली कामावरून थेट हॉटेलात येते. अब्बूंना मदत करायला, म्हणते. अब्बूंना शिंक आली तरी तिला ऐकू येत नाही, इतकी मदत करते. समोरासमोर बसतात आणि भांडतात. सगळ्यांदेखत, मोठ्यानं. डडियालला डोळ्यांचा दवाखाना का नाही, यावर तासभर भांडण. तो म्हणतो, कुणी उघडत नाही म्हणून नाही. ती म्हणते, तुमच्या हेडमास्तरांना फळा दिसत नसेल तरी ते कुणाला सांगणार नाहीत. (हे तिचं म्हणणं. माझंही आहे.)

मी तिला सहज विचारलं, "मग? जेवताना बघितलास?"

म्हणाली, "अम्मी, तीन रोट्या एकावर एक येतात ना? वरची वाऱ्यानं कडक होते, खालची वाफेनं ओली. मधली चांगली असते. तो मधली काढून समोरच्याला देतो. मी असले तर मला, चाचा रोशन असला तर चाचाला. आपण असं करतो हे त्याला माहीतसुद्धा नाही."

"मग?"

"मग काही नाही. तू विचारलंस म्हणून सांगितलं."

मीही पुढं काही विचारलं नाही. माझ्याकडून कुणावर आता काही लादलं जाणार नाही. तू बोलत नसशील तर शब्द माझ्याकडेच पडून आहे, तो मोडलाही नाही आणि पाळलाही नाही, आणि रोज माझ्या छातीवर बसतो. लिही रे.

आपा


डडियाल
११ ऑगस्ट १९९३

आपा,

तुझं पत्र गहाळ झालं असं तुला वाटत असेल, तर नाही. मी रुसलो होतो.

तुझ्या पत्राच्या आदल्याच दिवशी तसव्वुरचं कार्ड आलं. एका बाजूला तुमच्या टाऊन हॉलचं चित्र, दुसऱ्या बाजूला एक ओळ: "अब्बाजी, मी जेवलो. माफ करा, किंवा करू नका." मी आयुष्यभर मुलांना निबंध आटोपशीर लिहायला शिकवलं, त्याचं फळ.

मी खूप बोललो. म्हशीपर्यंत सगळे गप्प. मग जन्नतला म्हटलं, माझे अब्बाजी तुझ्या बापाच्या दारात दिवसभर उपाशी बसले म्हणून तू या घरात आलीस, आणि माझा मुलगा सहा रोट्या खाऊन मोकळा झाला! जन्नत तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कुणी विचारलं होतं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"तुमचे अब्बाजी उन्हात बसले होते. माझी अम्मी घाबरली, म्हातारा इथंच पडला तर पोलीस येतील. म्हणून हो झालं. एवढी वर्षं तुम्हाला काय वाटत होतं, तुमचा फोटो बघून झालं?"

आपा, मला खरंच तसं वाटत होतं.

मी म्हटलं, "मग तू नाही म्हणाली असतीस?" ती म्हणाली, "काय माहीत. हो म्हणायची संधी मिळाली असती तर कळलं असतं." आणि तांदूळ घेऊन आत गेली. त्यानंतर शाळेला सुट्टी आणि माझा मुक्काम ओसरीवर. एकदा रात्रीच्या जेवणाला बसलो आणि तिला म्हटलं, आता विचारू? म्हणाली, "आता काय, मुलं झाली. पण विचारा." मी विचारलं. तिनं विचार करून सांगते म्हटलंय. अजून सांगितलेलं नाही. पण परवा मला न मागता चहा आणून दिला.

तर आपा, शब्द परत. पूर्ण. नाहिदनं माझ्या मुलाकडे ढुंकून बघितलं नाही तरी तू माझी आपा आणि ती माझी भाची. लोकांना मी सांगितलं की आम्हीच विचार बदलला. लोक म्हणाले, कमाल आहे. मी म्हटलं, आहेच. अब्बाजींच्या कबरीवर जाऊन त्यांनाही सांगून आलो. या वेळी त्यांनी मान हलवली नाही, पण नाही असंही म्हणाले नाहीत.

तसव्वुरला सांग, त्याच्या अब्बाजींनी माफ केलं. आणि हेही सांग, की कार्डावर अजून दोन ओळींची जागा होती.

तुझा
फजल


ब्रॅडफर्ड
५ सप्टेंबर १९९३

माझ्या फजल,

तुझं माझं पत्र वाटेत कुठंतरी आकाशात एकमेकांना सलाम करून गेलं असणार. तुझं आलं तेव्हा मी हॉटेलात होते. पार्टिशनमागे न बसता, बाहेरच्या टेबलावर बसून वाचलं. सफदर घाबरला, काय झालं म्हणून धावत आला. मी रडत होते. त्याला वाटलं तू गेलास. मी म्हटलं, नाही, आलाय.

जन्नत भाभीला माझ्याकडून मिठी. आणि तू तिला सारखं विचारत राहू नकोस, तिला तिचा वेळ घेऊ दे.

पत्र मी नाहिदला आणि तसव्वुरला दोघांना वाचून दाखवलं. तसव्वुर दोन ओळींच्या जागेवर हसला आणि तोंड धुवायला म्हणून मोरीकडे गेला. नाहिदनं पत्र माझ्या हातून घेऊन पुन्हा वाचलं, मग घडी घालून मला परत दिलं.

काल तो गेला. मँचेस्टरला सोडायला नाहिदच गाडी घेऊन गेली, मी मागे बसले होते. वाटेत दोघं कशावर भांडले असतील? रस्त्यावर. तो म्हणाला डावीकडे वळा, ती म्हणाली नकाशा तुला कळत नाही, आणि आम्ही अर्धा तास एका मेंढ्यांच्या गावात फिरत होतो. विमान मिळालं. आत जाताना तो मला वाकून भेटला, तिला नुसता सलाम केला. तिनंही नुसता सलाम केला. मी कपाळावर हात मारणार होते, पण तो हात मी पर्सच्या आत धरून ठेवला.

परत आलो तर हॉटेल भरलेलं. नाहिद म्हणाली भूक लागलीय. आम्ही दोघी खिडकीपाशी बसलो. मी इतक्या वर्षांत त्या टेबलावर जेवले नव्हते, फजल. कणीक मळली, भाजी निवडली, पण जेवायला कधी बसले नव्हते. सफदरनं ताट आणून ठेवलं आणि मला विचारलं, "बाईसाहेब, तिखट चालेल?" चाचा रोशन दाढीत हसला.

थोडं जेवल्यावर नाहिद म्हणाली, "अम्मी, मला डिसेंबरात तीन आठवडे सुट्टी आहे. मामूकडे जाते. तिकिटाचं बोलून ठेवलंय."

मी हातातला घास परत ताटात ठेवला. याला हो समजायचं का, ते मला माहीत नाही. तूही समजू नकोस, आणि त्या किराणा दुकानात तर अजिबात बोलू नकोस. मी तिला एवढंच म्हटलं, "पण मामूनं तर शब्द परत दिला. आता तुला जायची काय सक्ती आहे?"

"काही नाही," ती म्हणाली, "म्हणूनच जातेय." आणि जग उचलून माझ्या ग्लासात पाणी ओतलं.

तुझी आपा